अंतेवासी श्रीरंग केळुसकर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या श्रीरंग केळुसकरांना शब्दांचा नाद होता. बँकेतल्या माणसाला आकड्यांचा असावा, यांना शब्दांचा. वसईच्या आमच्या एव्हरशाईन सिटीत नवं दुकान उघडलं की पहिल्या दिवशी दुकानदार नारळ फोडायचा आणि दुसऱ्या दिवशी केळुसकर जाऊन पाटीतली चूक दाखवायचे. 'शितपेय' लिहिणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी भर दुपारी समजावलं होतं, "अहो, शीतमधला शी दीर्घ. ऱ्हस्व शितं भाताची असतात. तुम्ही काय पेज विकताय का?" त्या बिचाऱ्याने हात जोडले आणि आठवड्याभरात पाटी इंग्रजीत करून घेतली.

माणूस मात्र गरीब. अंगाने काडी, डोक्यावर उरलेले केस नीट भांग पाडून मांडलेले, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघायची सवय. मूळ वेंगुर्ल्याजवळच्या केळुसचे. फोर्टातल्या बँकेत हेडक्लार्क होते. सुनंदावहिनी माणिकपूरच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. मुलगी संपदा लग्न होऊन नाशिकला गेलेली.

दोन हजार एक साली बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि केळुसकरांनी ती घेतली. वय त्रेपन्न. वहिनींची नोकरी अजून बरीच शिल्लक. म्हणजे सकाळी वहिनी शाळेत गेल्या की घरात केळुसकर एकटे. त्यांनी पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे वर्णमालेप्रमाणे लावले. त्यामुळे जिरं 'ज'मध्ये गेलं, मोहरी 'म'मध्ये गेली आणि हिंग पार खिडकीत. फोडणी द्यायची तर वहिनींना ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळावं लागायचं, तोवर तेल पेटायचं.

"अहो," वहिनी एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही घराबाहेर काहीतरी शोधा. नाहीतर मी शोधते."

कोण कुठे काय शोधणार होतं ते त्यांनी स्पष्ट केलं नाही, पण केळुसकर घाबरले.

दुसऱ्याच दिवशी ते दुरुस्तीला टाकलेलं मिक्सरचं भांडं आणायला माणिकपूरला गेले. भांडं घेऊन दुकानाबाहेर पडतात तो समोरून लग्नाची वरात. पुढे लाल कोट घातलेला बँड, मागे नवरा-नवरी, आणि बँडच्या पुढे कॉर्नेट नावाचा आखूड पितळी कर्णा वाजवणारा साठीच्या आतबाहेरचा एक जाडजूड माणूस. गाल फुगवून तो असा काही वाजवत होता की रिक्षा स्टँडवरच्या लोकांनीसुद्धा पत्ते खाली ठेवले.

केळुसकर लहानपणी एकदा असेच एका बँडमागे गेले होते. केळुसात कुणा खोताकडच्या लग्नाला सावंतवाडीहून बँड आला होता. हे त्याच्या मागे चालत चालत शेजारच्या गावात पोचले. वडिलांनी कान धरून परत आणलं आणि वाटेत विचारलं, "बँडवाला व्हायचंय?" प्रश्न रागाचा होता हे न कळून हे "हो" म्हणाले आणि मुस्कटात खाऊन बसले. त्यानंतर पदवी, बँक, लग्न, हप्त्यावरचा फ्लॅट. आता कान धरणारं कोणी उरलं नव्हतं. भांडं काखेत मारून ते वरातीमागे निघाले, थेट हॉलपर्यंत. दारावरच्या पोराने त्यांना नवऱ्याकडचा समजून आत घेतलं, काखेतलं भांडं अहेर समजून टेबलावर ठेवून घेतलं, आणि हातात केकचा तुकडा दिला.

भांडं परत मिळवण्यात अर्धा तास गेला. मग हॉलच्या मागच्या बाजूला कोट काढून वारा घेत बसलेल्या बँडमास्तरांसमोर ते जाऊन उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही शिकवता का?"

"शिकवतो. कोनाला? नातवाला?"

"मला."

फेबियन तुस्कानो मास्तरांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "तोंड उघडा."

केळुसकरांनी तोंड उघडलं. मास्तरांनी वाकून, मान तिरपी करून, बैल घेणाऱ्या माणसासारखं आत पाहिलं.

"पुढचे दात तुमचे आहेत?"

"सगळे माझेच."

"मग जमेल. दात नसले तर कॉर्नेट वाजत नाय. केस नसले तरी चालतं."

अशी ती शिकवणी सुरू झाली. पहिले काही आठवडे मास्तरांनी वाद्य दिलंच नाही, फक्त त्याचं तोंड दिलं, माऊथपीस. त्यात ओठ आवळून फुंकायचं. आवाज कसा येतो ते मी सांगू शकतो, कारण मी बरोबर खाली राहत होतो. आमच्या हिला वाटलं की वरच्यांनी बदक आणलं. सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्र वैद्य यांनाही तसंच काहीतरी वाटलं असावं, कारण फळ्यावर सूचना लागली, 'इमारतीत पशू-पक्षी पाळण्यापुर्वी कमिटीची लेखी परवानगी आवश्यक.' केळुसकरांनी ती थांबून वाचली, 'पुर्वी'तला पु लाल पेनाने दीर्घ केला आणि वर जाऊन पुन्हा फुंकायला बसले. सूचना आपल्यासाठी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग आलं खरं कॉर्नेट. त्या दिवसापासून सूचना देण्याची गरज उरली नाही. लोक थेट दार वाजवू लागले. मी शेजारधर्म म्हणून माझ्या मेव्हण्याच्या सातिवलीतल्या पुठ्ठ्याच्या गोदामाची किल्ली त्यांना दिली. तिथे दिवसा चिटपाखरू नसायचं. केळुसकर खूश झाले. चौथ्या दिवशी त्यांना पहिल्यांदा एक लांब, सरळ सूर लागला. तो त्यांनी दम संपेपर्यंत ओढला. तो ऐकून शेजारच्या दोन कारखान्यांतल्या कामगारांनी मशिनी बंद केल्या, हात धुतले आणि डबे उघडले. जेवणाची सुट्टी व्हायला अजून दीड तास होता. मालक शोधत शोधत गोदामात आला, आणि किल्ली संध्याकाळी माझ्याकडे परत आली.

"हितंच या," मास्तर म्हणाले. "माझ्या वाडीत कोन बोलनार? केळी बोलतात काय?"

मास्तरांचं घर माणिकपूरच्या मागच्या अंगाला, चर्चपलीकडच्या वाडीत होतं. विहीर, केळी, दोन-चार माड आणि सदा भुंकणारं एक कुत्रं. केळुसकर सकाळी डबा घेऊन जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे, रात्री घरी थोडी उजळणी करायचे. मास्तर स्वभावाने तापट. सूर चुकला की हातातली सुपारी फेकून मारायचे. पण शिकवण्यात चुकारपणा नाही. त्यामागे एक कारणही होतं, ते केळुसकरांना मास्तरांच्या बायकोने, मास्तरीणबाईंनी, सांगितलं. मास्तरांनी आजवर वाडीतली कितीतरी पोरं तयार केली होती. एक आखातात गेला, एक जहाजावर. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांनी कधी वाद्याला तोंड लावलं नाही. आता लग्नाला लोक डीजे बोलवायचे, आणि शिकायला कोणी येत नव्हतं. चार वर्षांत दारात आलेला पहिला माणूस म्हणजे काखेत मिक्सरचं भांडं घेतलेला हा बँकवाला.

"म्हनून ते तुमच्यावर जास्त ओरडतात," बाई म्हणाल्या. "ओरडायला कोनी नव्हतं ना."

दीडेक वर्षात केळुसकरांना बऱ्यापैकी वाजवता यायला लागलं. मास्तर त्यांना बँडबरोबर न्यायला लागले, अजून वाजवायला नव्हे, वह्या धरायला आणि पाणी द्यायला. आणि इथे एक अडचण उभी राहिली. लोक विचारायचे, "मास्तर, हे कोण?"

मास्तर म्हणायचे, "हा माझा..." आणि तिथेच अडकायचे. विद्यार्थी म्हणावं तर समोर अर्धटक्कल. मुलगा नाही, भाऊ नाही, नोकर तर नाहीच नाही. एकदा बँडमधला मोठा ढोल वाजवणारा मायकल रिक्षावाल्याला म्हणाला, "घे त्यांना आत, मास्तरांचा चेला आहे." त्या दिवसांत चेला म्हटलं की लोकांना कुठल्यातरी भाईचा माणूस वाटायचा. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा पाहिलं आणि भाडंच घेतलं नाही. केळुसकर अस्वस्थ झाले. त्यांनी मास्तरांना सांगितलं, चेला नको, शिष्य म्हणा. पुढच्या लग्नात मास्तर शिष्य म्हणाले, तर नवरीच्या मामांनी विचारलं, "कुठल्या महाराजांचे?" उमेदवार हा शब्द केळुसकरांना फार आवडायचा. "मास्तर, काम शिकणाऱ्याला आपल्याकडे उमेदवारच म्हणतात. अमक्याच्या हाताखाली उमेदवारी केली असं म्हणतो की नाही?" पण निवडणुकीचे दिवस होते. 'उमेदवार' म्हटल्यावर दोन माणसांनी निशाणी विचारली आणि एकाने गटाराची तक्रार केली.

"पठ्ठ्या म्हना," मायकल म्हणाला.

"तो तालमीतला शब्द. वस्तादाचा पठ्ठ्या. मला पाहून कोण म्हणेल?"

मायकलने पाहिलं आणि मान्य केलं.

बँकेत मोठ्या साहेबांच्या मर्जीतल्या माणसाला 'प्रोटेजे' म्हणायची पद्धत होती. केळुसकरांनी तोही सांगून पाहिला. "फ्रेंच लोकांचा शब्द आहे, मास्तर. ज्याचं रक्षण केलं आहे असा."

"मी तुमचं रक्षन करतो?" मास्तर म्हणाले. "माझं कुत्रं तरी तुमचं ऐकतं काय? तुम्ही रोज फाटकातून हाक मारता, तेव्हा मी येऊन ते धरतो."

"तेच रक्षण."

"नको. मला फ्रेंच नको."

केळुसकरांनी मग घरी जाऊन जाडजूड शब्दकोश काढला. दोन संध्याकाळी ते त्यात होते. तिसऱ्या सकाळी वाडीत शिरले ते कुत्र्याकडेसुद्धा लक्ष न देता.

"मास्तर, सापडला! अंतेवासी!"

मास्तर विहिरीवर तोंड धूत होते. "कोन वारलं?"

"कोणी नाही. मी अंतेवासी. तुमचा अंतेवासी." केळुसकर तांब्या त्यांच्या हातातून घेऊन स्वतःच पाणी ओतायला लागले. "वासी म्हणजे राहणारा. वसईवासी म्हणतो तसा. अंते म्हणजे जवळ. पूर्वी विद्या शिकायची तर गुरूच्या घरी राहावं लागायचं. जो गुरूजवळ राहतो तो अंतेवासी."

"अंत म्हनजे शेवट ना?"

"शेवट, कड, काठ. पण काठ म्हणजे जवळच की. नदीकाठचा माणूस नदीजवळच राहतो. आणि गंमत बघा, दोन शब्द जोडताना मधला प्रत्यय सहसा गळतो, इथे तो राहिलाय. अंत-वासी नाही, अंते-वासी. फार थोड्या शब्दांत असं होतं."

मास्तरांनी तोंड पुसलं. "म्हनजे शेजारी."

"शेजारी नव्हे हो! शेजारी शिकत नाही."

"तुमच्या खालचे ते शेजारी?"

"तेही शिकत नाहीत. तक्रार करतात."

मास्तरांनी तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला, नव्या चालीसारखा. मग म्हणाले, "लांब आहे. पन बरा वाटतो. ठेवा."

दोन हजार तीनच्या जानेवारीत मास्तर साठ वर्षांचे झाले. बँडच्या लोकांनी माणिकपूरला हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला, रविवारी संध्याकाळी सहाला. मास्तर म्हणाले, मी आयुष्यभर वाजवलं, माझ्या वाढदिवसाला दुसऱ्याने वाजवावं. दुसरा म्हणजे केळुसकर. एकट्याने, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा. हे ऐकून केळुसकरांना जुलाब लागले, ते थांबल्यावर त्यांनी बॅनरचा मजकूर लिहायला घेतला.

मजकूर असा होता: 'बँडमास्टर फेबियन तुस्कानो यांचे अंतेवासी श्रीरंग केळुसकर यांचे कॉर्नेटवादन. रविवारी सायंकाळी सहा वाजता. सर्वांनी उपस्थित राहावे.' सोबत एक पासपोर्ट फोटो. हे सगळं त्यांनी विलास पेंटरकडे दिलं आणि बजावलं, "ऱ्हस्व-दीर्घ मी लिहिलेत तसेच. एक काना इकडेतिकडे नको."

विलास पेंटर अत्यंत प्रामाणिक माणूस. त्याने एक काना इकडेतिकडे केला नाही. फक्त मजकूर वाचून त्याला वाईट वाटलं. त्याच्या हाताखालून कैलासवासी गेले होते, वैकुंठवासी गेले होते, स्वर्गवासी तर दर महिन्याला. अंतेवासी नवीन होता, पण वासी तो वासीच. फोटोतल्या माणसाचा चेहराही त्याला तसाच वाटला. पासपोर्ट फोटोत सगळ्यांचाच वाटतो. त्याने कापडावर केळुसकरांचं चित्र मन लावून काढलं, त्याला आपल्याकडून झेंडूचा भरघोस हार घातला, दोन बाजूंना दोन समया काढल्या, भोवती काळी चौकट ओढली, आणि शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला बॅनर माणिकपूर नाक्यावर टांगला. केळुसकर त्याच्या आधीच नाक्यावरून मास्तरांकडे गेले होते.

मला ही बातमी दहा वाजता जितेंद्र वैद्यांकडून कळली. ते धापा टाकत आले होते.

"केळुसकर गेले!"

"कुठे?"

"अहो, गेले! नाक्यावर बॅनर लागलाय, हार घातलेला. उद्या सहाला शोकसभा आहे."

मी म्हटलं, अहो, काल रात्री तर वर फुंकत होते. "शेवटचंच ते," वैद्य म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला. "घरी फोन केला, कोणी उचलत नाही. म्हणजे खरंच."

"पण शोकसभेत कॉर्नेटवादन कसं?"

"ख्रिस्ती लोकांत बँड वाजतो. आणि ह्यांचं रेकॉर्ड केलेलं लावणार असतील."

मी पांढरा शर्ट शोधायला आत गेलो.

शाळेत त्याच वेळी काय झालं, ते सुनंदावहिनींनी नंतर आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की मला तोंडपाठ आहे. चित्रकलेच्या बाईंनी येताना बॅनर पाहिला. शिक्षकांच्या खोलीत शिरल्या तर समोर वहिनी चाचणीचे पेपर तपासत बसलेल्या, तोंडाने पुटपुटत, "मूर्ख आहे, मूर्ख आहे." चित्रकलेच्या बाईंना वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला. त्या धावत मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मुख्याध्यापिकांनी वहिनींना आत बोलावलं, दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"केळुसकर बाई, तुम्ही आज यायला नको होतं."

"का हो? आज माझे तीन तास आहेत."

मुख्याध्यापिकांनी त्यांचा हात हातात घेतला. "किती धीराच्या आहात. कधी गेले?"

"कोण, हे? नेहमीसारखे. साडेसातला."

"आजच!" मुख्याध्यापिकांनी डोळ्यांना पदर लावला. "काही शेवटचं बोलणं झालं?"

वहिनींनी आठवून पाहिलं. "हो. म्हणाले, डब्यात पुन्हा तोंडली दिलीस तर बघ."

गणिताच्या बाई असल्यामुळे वहिनींना गडबड आधी कळली. सगळा प्रकार ऐकून घेतल्यावर त्या उठल्या, पाणी स्वतः न पिता मुख्याध्यापिकांना पाजलं आणि म्हणाल्या, "मला अर्ध्या दिवसाची रजा द्या. आता ते माझ्या हातून खरंच जाणार आहेत."

इकडे आमच्या आवारात तोवर पन्नासेक माणसं जमली होती. पांढरे शर्ट, खाली माना. ज्या माणसाविरुद्ध सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला होता, त्याच्याबद्दल जितेंद्र वैद्य पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर उभे राहून बोलत होते. "असा शांत शेजारी पुन्हा मिळणार नाही," ते म्हणाले, आणि कोणालाही त्यात काही खटकलं नाही. "त्यांच्या वाद्याचे सूर ऐकत आम्ही झोपी जायचो." हे मात्र ऐकून आमची ही खोकली.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. केळुसकर उतरले, हातात कॉर्नेटची पेटी. रंगीत तालीम लवकर आटोपली होती आणि रिक्षा नाका सोडून मागच्या रस्त्याने आली होती. आवारात पांढऱ्या कपड्यांची गर्दी पाहून ते जागीच थबकले. त्यांनी चपला काढल्या, पेटी भिंतीला टेकवली आणि हात जोडून हळूच मागच्या रांगेत, अगदी माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले होते. कानाशी कुजबुज आली.

"कोण गेलं हो?"

"केळुसकर," मी तसाच डोळे मिटून म्हटलं.

"अरेरे. कुठल्या विंगमधले?"

"आपल्याच."

मग त्याच आवाजात, जरा काळजीने, "आपल्या विंगमध्ये केळुसकर मी एकटाच आहे."

मी डोळे उघडले. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी ओरडलो, मी ओरडल्यावर सगळे वळले, आणि सगळे वळल्यावर जितेंद्र वैद्य टाकीच्या कट्ट्यावरून खाली बसले. केळुसकर भुताहून पांढरे पडले होते. कोणीतरी त्यांना चिमटा काढून पाहिलं, ते "आई गं" म्हणाले, तेव्हा कुठे लोकांना पटलं.

"पण बॅनरवर तर अंतेवासी लिहिलंय!" वैद्य खालूनच ओरडले.

"मग? बरोबरच आहे! अंते म्हणजे जवळ! सप्तमी आहे ती!" केळुसकरांनाही आता आवाज फुटला. "पन्नास माणसं जमलात आणि एकालाही सप्तमी ओळखता येऊ नये?"

याच क्षणी दुसऱ्या रिक्षातून सुनंदावहिनी उतरल्या. त्या गर्दीतून सरळ चालत आल्या. आम्ही वाट दिली. नवऱ्यासमोर उभं राहून त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. नुसता त्यांचा हात धरला आणि तो सोडलाच नाही, तसंच जिन्याकडे नेलं. पहिल्या मजल्यावर गेल्यावर मात्र त्यांचा आवाज आला, तो आम्हा सगळ्यांना खाली ऐकू आला.

"सप्तमी म्हणे! आता या घरात यापुढे तुम्ही एकही शब्द नवीन आणायचा नाही!"

कार्यक्रमाला किती लोक येतील याची बँडवाल्यांना चिंता होती. मायकलने खुर्च्या कमीच मागवल्या होत्या. रविवारी हॉल भरून लोक बाहेर रस्त्यावर उभे राहिले. शोक करायला आलेले आमचे पन्नास होतेच, शिवाय ज्यांनी बॅनर पाहिला तेही होते, मेलेला माणूस वाजवणार आहे म्हणून. विलास पेंटर पहिल्या रांगेत बसला होता, खाली मान घालून. त्याने रात्री जाऊन बॅनरवरचा हार पुसायचा प्रयत्न केला होता, तो नीट न पुसल्यामुळे चित्रातल्या केळुसकरांना आता दाढी आली होती.

मास्तर माईकसमोर आले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. "मी जास्त बोलनार नाय," ते म्हणाले. "माझ्याकडं पुष्कळ पोरं शिकली. शिकली आन् गेली. पोटासाठी गेली, त्यांची चूक नाय. हा एक माझ्या जवळ राहिला. सकाळी येतो, संध्याकाळी जातो, शिव्या खातो, परत येतो. याला अंतेवासी म्हनतात. मला पन आधी वाटलं कोनीतरी वारलं." हॉल हसला. मास्तर हसले नाहीत. "माझ्या घरात वाजवनारं कोनी होनार नाय, हे मी धरूनच चाललो होतो. तर हा आला. बस."

केळुसकर पुढे आले. लाल कोट त्यांना दोन माप मोठा होता. पहिला सूर फाटला. पहिल्या रांगेतून कुणाच्या तरी पोटातून हसू फुटलं. केळुसकरांनी कॉर्नेट खाली घेतलं, ओठ पुसले आणि मास्तरांच्या शर्टाच्या बटणाकडे पाहिलं. मास्तरांनी खिशातून सुपारी काढून दाखवली. मग केळुसकरांनी पुन्हा तोंडाला लावलं, आणि मास्तरांनीच बांधलेली, वरात चर्चमधून बाहेर पडताना वाजवायची एक चाल वाजवली. साधीच चाल आहे ती, वसईत कितीतरी लग्नांत ऐकलेली. पण मी तिच्याखाली दोन वर्षं राहिलो होतो, तुकड्या-तुकड्यांत, चुकत, अडत, पुन्हा पहिल्यापासून. ती कधी पुरी होते की नाही याची मला खात्री नव्हती. ती पुरी झाली तेव्हा सगळ्यात आधी मी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या बाजूला मास्तरीणबाई नाक शिंकरत होत्या.

त्यानंतर केळुसकर बँडमध्ये रीतसर वाजवू लागले. सुनंदावहिनींनी कोट आत घेऊन शिवून दिला. त्या पहिल्यापहिल्यांदा म्हणायच्या की माझी ओळख सांगू नका, पण पुढे निवृत्त झाल्यावर वरातीत बाजूबाजूने चालायला लागल्या, पाण्याची बाटली घेऊन. जितेंद्र वैद्यांनी मुलीच्या लग्नात डीजे रद्द करून हा बँड बोलावला. माणिकपुरात तो शब्दही काही काळ फिरला. एका केशकर्तनालयाच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली 'आणि अंतेवासी' असं आलं होतं. तिथे गिऱ्हाईक जरा कमी जायचं म्हणतात.

मास्तर दोन हजार सातच्या सुमारास थकले. दम पुरेना. मग ते रिक्षात बसून वरातीच्या मागून यायचे आणि बाहेर हात काढून ताल द्यायचे. पुढे वाजवायची जागा केळुसकरांची.

त्याच वर्षीची पापडीतली एक वरात. मी नव्हतो, मायकलने सांगितलं. नवऱ्याकडच्या पाहुण्यांत मुंबईहून आलेले एक सुटाबुटातले गृहस्थ होते, दिनानाथ सबनीस, केळुसकरांचे बँकेतले जुने मॅनेजर. त्यांनी लाल कोटातला माणूस पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला, आणि वरातीतून वाट काढत जवळ आले.

"केळुसकर? तुम्ही?"

केळुसकरांच्या तोंडात कॉर्नेट. त्यांनी भुवया उंचावून नमस्कार केला.

"अहो, काय वेळ आली तुमच्यावर ही! पेन्शन बंद पडली का? मला एक फोन करायचा होतात. मी बोललो असतो वरती."

केळुसकर वाजवत राहिले. सबनीस बाजूने चालत, वाकून, सहानुभूतीने बोलत राहिले. चाल संपली तशी केळुसकरांनी एक श्वास घेतला.

"साहेब, जरा बाजूला सरकता का? पुढची चाल नाचायची आहे. लोकांना जागा लागेल."

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मागून वऱ्हाडाचा लोंढा आला, त्याने सबनीससाहेबांना मधोमध ढकललं. नवऱ्याच्या आत्याने त्यांचे दोन्ही हात धरले. केळुसकरांनी मायकलकडे बघून ताल वाढवायची खूण केली. आयुष्यात कधी वेळेआधी बँकेची शाखा न सोडलेले सबनीससाहेब, मायकल सांगतो, पार नवरीच्या दारापर्यंत नाचले.